नंदभाषा

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत असल्याने तेथे पाऊस भरपूर पडतो. पूर्वेकडे जावे तसतसा तो हात आखडता घेतो. लोणी हे गाव या पूर्वेकडील कोरड्या मुलखातले. ट्रॅक्टर गावोगाव पोहोचण्यापूर्वीच्या काळात अशा गावातील शेतकऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची बैलजोडी. ती विकावयाची किंवा नवी घ्यावयाची, तर शेजारच्या जुन्नर तालुक्यातील बेल्हे किंवा खेड तालुक्यातील चाकण अशा नामांकित बाजाराची वाट धरावी लागे.

बैलबाजारात एक चमत्कारिक देखावा हमखास दृष्टीस पडे. दोन माणसे समोरासमोर उभी राहत, एकाच्या उपरण्याचा किंवा धोतराचा सोगा दोघांच्या हातांवर ओढलेला असे आणि दोघेही एक शब्द न बोलता दुसरीकडेच पाहत असत. त्या वस्त्राखाली बोटे बोलत होती. एक बोट धरले म्हणजे एक, दोन धरली म्हणजे दोन, सगळा पंजा धरला म्हणजे पाच. आकडा दहांचा, शंभरांचा की हजारांचा, हे समोरचे जनावर पाहून दोघेही उमजत. एकाने मान हलवावी, दुसऱ्याने पुन्हा बोटे दाबावीत, असे दोन-चार वेळा झाले की व्यवहार ठरला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाव कळावयाचा नाही. आणि कधी कधी तर बैलाच्या धन्यालाही, दलालाने सांगितल्यावाचून, तो कळत नसे.

बोटांची ही भाषा बैलबाजारातली. धान्य, कापड, गूळ इत्यादी मालाच्या पेठांत हेच काम तोंडाने चाले. मात्र त्यासाठी व्यापारी, दुकानदार आणि दलाल यांनी एक निराळीच बोली योजिली होती. तिला नंदभाषा असे म्हणत. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात या नावाची नोंद असून तिच्यातील संख्यावाचक शब्दही तेथे दिलेले आहेत. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. कोशकार पंडितांच्या पोथ्यांवर विसंबून न राहता बाजारातही कान देऊन बसला होता, हे या नोंदीवरून दिसते.

नंदभाषेचे पहिले दहा आकडे असे: केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, शेली म्हणजे सहा, पवित्र म्हणजे सात, मंगी म्हणजे आठ, तेवसू म्हणजे नऊ आणि अंगुळू म्हणजे दहा. शंभराला बिटी म्हणत व हजाराला ढकार. रुपयाचे नाव भुरका, आण्याचे नाव फाटा. समजा, एखादा शेतकरी गुळाच्या ढेपा घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला आहे. दुकानदार आत पाहून आपल्या भागीदाराला विचारतो, “काय द्यावे?” आतून उत्तर येते, “शेली भुरक्यांच्या वर जाऊ नको.” शेतकऱ्याला ‘वर जाऊ नको’ एवढे कळते, पण कशाच्या वर, ही नेमकी कामाची गोष्ट कळत नाही.

या एका वाक्यात नंदभाषेचे सारे मर्म साठविलेले आहे, म्हणून ते थोडे उकलून पाहिले पाहिजे. ‘वर’, ‘जाऊ’, ‘नको’ हे शब्द सरळ मराठी आहेत. बदलले आहेत ते दोनच, एक संख्येचा व दुसरा नाण्याचा. परंतु त्या बदललेल्या शब्दाकडेही नीट पाहावे. भुरका या शब्दाचे ‘भुरक्यांच्या’ असे रूप झाले आहे. ‘घोडा’ या शब्दाचे ‘घोड्यांच्या’ होते, ‘रुपया’चे ‘रुपयांच्या’ होते, त्याच नियमाने हे झाले. म्हणजे भुरका हा शब्द कोणी गुपचूप घडविला असला, तरी वाक्यात उभा राहताच तो मराठी व्याकरणापुढे मान लववितो. त्याला सामान्यरूप होते, विभक्तिप्रत्यय लागतो. व्यापाऱ्यांनी शब्द लपविले. व्याकरण लपविण्याचे कोणाच्या मनातही आले नाही, आणि आले असते तरी ते साधणे कठीण होते. शब्द माणूस एका दिवसात पाठ करू शकतो. वाक्य जुळविण्याची रीत मात्र आईच्या मांडीवर अंगी बाणते आणि ती टाकून देऊ म्हटल्याने टाकता येत नाही.

ध्वनींच्या बाबतीतही हेच आढळते. वरील दहा शब्दांपैकी अवारू, उधानू, पोकू, मुळू, तेवसू, अंगुळू हे सहा शब्द ऊकारान्त आहेत. केवली, शेली, मंगी हे तीन ईकारान्त आहेत. उरतो तो पवित्र, आणि तो तर राजरोस सर्वांच्या बोलण्यातला शब्द. मुळू आणि अंगुळू यांत ‘ळ’ आहे. हा वर्ण मराठीच्या जिभेवर खेळणारा. प्रमाण हिंदीत त्याला स्थान नाही. या दहांत एकही ध्वनी असा नाही की जो मराठी माणसाच्या तोंडाला अनोळखी वाटावा. बनावट नाण्यावर छाप नवा असला तरी धातू त्याच खाणीतला, तसाच हा प्रकार आहे.

हे शब्द आले कोठून? काहींच्या बाबतीत तर्क करता येतो. ‘केवली’ या शब्दात ‘केवळ’ म्हणजे एकटा हा शब्द डोकावतो. ‘अंगुळू’ म्हणताच अंगुली आठवते, आणि हातांची बोटे दहाच असतात. परंतु हे तर्कच होत. सातला ‘पवित्र’ का म्हणावे किंवा चाराला ‘पोकू’ का म्हणावे, याचे कारण शब्दात दिसत नाही, आणि दिसू नये हीच योजना असली पाहिजे. आपल्याकडे विद्वानांचीही एक सांकेतिक संख्यापद्धती होती. नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋतू म्हणजे सहा, नंद म्हणजे नऊ, अशी तिची रीत असून ग्रंथसमाप्तीचे शक नोंदविताना जुने ग्रंथकार तिचा उपयोग करीत. पण त्या रीतीत कारण उघड आहे. वेद चार आणि ऋतू सहा, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला थोड्या विचाराने ती उलगडते. नंदभाषा विचाराने उलगडत नाही; ती कोणीतरी सांगावीच लागते, आणि सांगणारा आपल्या मुलाला किंवा दुकानातील विश्वासू गुमास्त्यालाच सांगे.

सांकेतिक बोलीचे एक दुर्दैव असते. ती फार लोकांना माहीत झाली की निरुपयोगी ठरते. म्हणून तिचे शब्द सारखे बदलत राहतात. एका पेठेत एक तर दुसऱ्या पेठेत दुसरा. नऊ या संख्येला कोणी तेवसू म्हणे, कोणी लेवनू. सर्वसामान्य भाषेत दर काही कोसांवर जे भेद पडतात ते माणसे दूर दूर राहतात म्हणून पडतात. गुप्त बोलीत भेद पडतात ते माणसे फार जवळ राहतात म्हणून. शेजारच्या दुकानदारालाही आपले गुपित कळू नये, ही त्यामागची चिंता.

असे असूनही ही बोली एकदा व्यापाराच्या गल्ल्यावरून उठून थेट देवाच्या दारी गेली. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर परंपरेने एक अभंग सांगितला जातो. विसोबा मूळचे व्यापारी पेशाचे असे मानतात. ज्ञानेश्वरादी भावंडांच्या कथांमध्ये त्यांचा उल्लेख विसोबा चाटी असा येतो, आणि चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. या अभंगात शंकराचे वर्णन आहे, पण त्यातील संख्या सगळ्या नंदभाषेतल्या. शंकराची मुखे मुळू, डोळे उधानू आणि हात अंगुळू सांगितले आहेत. हजार मुखांच्या शेषाचे वर्णन करताना ढकार हा शब्द येतो. शास्त्रांसाठी शेली, वेदांसाठी पोकू. पुराणे अठरा, म्हणून तेथे अंगुळू आणि मंगी यांची जोडी उभी केली आहे. ज्याला दुकानाची भाषा येत नाही, त्याला या अभंगाचा अर्थ लागणार नाही. ज्याला ती येते, त्याला पंचमुखी त्रिनेत्र शिव लगेच दिसू लागेल. अभंग खरोखर विसोबांचाच असेल, तर नंदभाषेचे वय सातशे वर्षांच्या घरात जाते. गिऱ्हाइकापासून भाव लपविण्यासाठी केलेले शब्द एका भक्ताने देवाचे रूप उघड करण्यासाठी वापरावेत, ही मराठी वाङ्मयातील मोठी गोड घटना आहे.

तथापि, बाजारातील गुप्त बोलीचा नित्याचा उपयोग एवढा निर्मळ नव्हता. भाव दोघांत ठरतो तेव्हा ज्याला बोली कळते तो शहाणा व ज्याला कळत नाही तो नागवला जातो. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेल्या मालाची किंमत त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या कानांदेखत ठरे आणि तरीही ती त्याला अज्ञात असे. त्यातून अडत्याने खरेदीदाराशी संधान बांधलेले असले म्हणजे तर विचारावयासच नको. वस्त्राखालचा सौदा आणि सांकेतिक आकडे यांना केवळ गमतीची चाल मानणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

या स्थितीवर उपाय निघाला तो कायद्याने. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसासाठी नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी कायदा झाला. पुढे शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. मुंबई प्रांतात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याने १९६३ साली स्वतःचा कायदा केला. बाजार समित्यांच्या आवारात माल उघड लिलावाने विकला जाऊ लागला. आंबेगाव तालुक्यातील शेतकरी मंचरच्या बाजार समितीत कांदा-बटाटा घेऊन जातो, तेव्हा बोली मोठ्याने पुकारली जाते. सर्वच गाऱ्हाणी त्यामुळे संपली असे नाही. परंतु आकडा निदान कानावर पडतो. दरम्यान १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली, आणे गेले, आणि आण्याबरोबर ‘फाटा’ही गेला. नंदभाषा आता मुख्यतः कोशाच्या पानांत व त्या अभंगात उरली आहे.

गुप्त बोली बलवंतच करतात असे मात्र समजू नये. दुर्बळांनाही तिची गरज पडते, किंबहुना त्यांना ती अधिक पडते. गावोगाव फिरून कसरती, गारुड, भविष्यकथन, भिक्षा यांवर पोट भरणाऱ्या भटक्या जमातींमध्ये अशा बोली पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ साली निघाला. तो सगळाच अशा फिरत्या लोकांच्या बोलींना वाहिलेला आहे आणि त्यात कोल्हाटी व गारुडी यांच्या बोलींचे नमुने आहेत. शब्दाच्या आधी किंवा शेवटी एखादे अक्षर जोडावे, आरंभीचे व्यंजन बदलून दुसरे घालावे, अक्षरांची उलटापालट करावी, अशा युक्त्यांनी नेहमीचे शब्द ओळखू येऊ नयेत असे केलेले तेथे आढळते.

या लोकांना आपले बोलणे लपवावेसे का वाटले, हे समजण्यासाठी एक तारीख पुरेशी आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आल्या. त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडून जाण्यास परवानगी लागे. हा कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ज्याच्याकडे गावकरी संशयाने पाहतात आणि पोलीस दंडुका घेऊन येतात, त्याने आपल्या माणसाला चार शब्द अशा रीतीने सांगावे की ते दुसऱ्याला कळू नयेत, यात नवल ते काय? पण सरकारी दप्तरात याच बोलीला चोरांची भाषा म्हणून शिक्का बसला. व्यापाऱ्याची गुप्त बोली ती चातुर्य आणि पालावरच्या माणसाची गुप्त बोली तो गुन्हा, असा हा न्याय होता.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. भटक्या जमातींची प्रत्येक बोली ही मुद्दाम रचलेली नव्हे. बंजारा समाजाची गोरबोली किंवा कैकाडी समाजाची कैकाडी या स्वतंत्र घराण्यांतल्या, स्वाभाविकपणे वाढलेल्या भाषा आहेत. गावकऱ्यांना कळत नाहीत एवढ्यावरून त्यांना सांकेतिक म्हणणे ही मोठी चूक होईल. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्रविषयक खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नंदीवाले, मांगगारुडी, नाथपंथी डवरी अशा समाजांच्या बोलींना स्वतंत्र स्थान मिळाले. पूर्वी ज्यांची नोंद संशयिताची म्हणून झाली, त्यांची आता भाषिक म्हणून झाली.

आता मुलांकडे वळू; कारण गुप्त बोली करण्यात मुलांची बरोबरी कोणी करू शकणार नाही. महाराष्ट्रातील शाळांच्या पटांगणांत ‘च’ची भाषा कित्येक पिढ्या ऐकू येत आली आहे. तिचा नियम सोपा आहे. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी न्यावे आणि आरंभी ‘च’ ठेवावा. ‘घर’ म्हणजे ‘चरघ’, ‘भाकर’ म्हणजे ‘चकरभा’, ‘लोणी’ म्हणजे ‘चणीलो’. शब्द एकाक्षरी असेल तर नुसता ‘च’ आधी लावावा. ‘मी’चे ‘चमी’ होते. तेव्हा ‘मला पाणी दे’ हे वाक्य ‘चलाम चणीपा चदे’ असे होईल. लिहून पाहिले तर ते अवघड वाटते. पण सरावलेली मुले ते इतक्या झपाट्याने बोलतात की वडील माणसे तोंडाकडे पाहत राहतात. या भाषेलाही पोटभेद आहेत. कोठे प्रत्येक अक्षरामागे ‘फ’सारखे एखादे ठरीव अक्षर घालतात, कोठे सबंध शब्द उलटा म्हणतात, आणि एका आळीतल्या मुलांची रीत दुसऱ्या आळीला कळली की नवी रीत निघते.

खेळ म्हणून हे सोडून देण्याजोगे नाही. ‘लोणी’ शब्दातून मूल ‘लो’ उचलते. ‘ल्’ हे व्यंजन एका बाजूला आणि ‘ओ’ हा स्वर दुसऱ्या बाजूला, अशी फोड ते करीत नाही. ‘प्रकाश’मधला ‘प्र’ हा जोडाक्षराचा सगळा गठ्ठाच शेवटी जातो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा असाच एक खेळ आहे, त्याला पिग लॅटिन म्हणतात. त्यात ‘पिग’ या शब्दाचे ‘इगपे’ होते. म्हणजे आरंभीचे ‘प्’ हे व्यंजन तेवढे सुटे होऊन मागे जाते आणि ‘इ’ हा स्वर जागच्या जागी राहतो. दोन्ही मुले खेळतातच. परंतु एकाच्या कानाला शब्द अक्षरांचा बनलेला वाटतो, दुसऱ्याच्या कानाला त्यातील व्यंजन वेगळे काढता येते. देवनागरी लेखनात स्वराची मात्रा व्यंजनालाच चिकटून बसते, तिचाही यात काही हात असावा. फ्रेंच तरुणांची ‘व्हेर्लां’ नावाची बोली मात्र मराठी मुलांना जवळची वाटेल. तीत शब्दांचे अवयव उलटे लावतात, आणि तिचे नावच ‘लांव्हेर’, म्हणजे उलट, या शब्दाचे उलटे रूप आहे. लंडनच्या रस्त्यांवर भाजी व फळे विकणारे फेरीवाले एकोणिसाव्या शतकात शब्द उलटे करून बोलत. हेन्री मेह्यू याने लंडनच्या गरीब लोकांवर १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बोलीची नोंद आहे. ‘पेनी’ या नाण्याला ते ‘येनेप’ म्हणत. तेथेही आधी लपविले ते नाणेच!

मुखाने बोलावयाच्या या बोलींहून वेगळी, परंतु बुद्धीला अधिक आव्हान देणारी एक कला म्हणजे करपल्लवी. हातांच्या खुणांनी शब्दच्या शब्द सांगावयाचा, अशी ही रीत असून गोंधळी कलावंतांनी ती जतन केली आहे. प्रेक्षकांपैकी कोणी एकाच्या कानात नाव सांगावे आणि त्याने दूर उभ्या असलेल्या जोडीदाराला ते केवळ हातांनी कळवावे, हे पाहून लोक थक्क होतात. यात जादू नाही. यात वर्णमाला आहे. प्रत्येक वर्गाला एक हस्तमुद्रा ठरलेली असते आणि ती लक्षात राहावी म्हणून मुद्रेचे नाव त्याच वर्णाने सुरू होते. नागाचा फणा दाखविला, म्हणजे अहिफणा, की स्वर समजावे. कमळ दाखविले की ‘क’ वर्ग, चक्र दाखविले की ‘च’ वर्ग, तरू म्हणजे झाड दाखविले की ‘त’ वर्ग. मग त्या वर्गातील कितवे अक्षर ते बोटांनी, आणि कितवी मात्रा ते चुटक्यांनी सांगावयाचे. ‘पाणी’ हा शब्द सांगावयाचा झाला तर ‘प’ वर्गाची खूण, एक बोट, दोन चुटक्या. पुढे ‘ट’ वर्गाची खूण, पाच बोटे, चार चुटक्या. इतके झाले की समोरच्याने पाण्याचा तांब्या आणावा.

हे का साधते? आपली वर्णमाला विस्कळीत नाही म्हणून. प्राचीन व्याकरणकारांनी ध्वनी तोंडातील स्थानांप्रमाणे लावले. कंठापासून निघून तालू, मूर्धा, दात आणि ओठ असा क्रम धरला, आणि प्रत्येक स्थानाची पाच-पाच व्यंजने एका ओळीत बसविली. त्यामुळे वर्ग आणि क्रमांक एवढ्या दोन खुणांत पंचविसांपैकी कोणतेही व्यंजन नेमके सापडते. रोमन लिपीतील अक्षरांचा क्रम ध्वनींच्या स्थानांवरून ठरलेला नाही. तेथे अशी विद्या उभी करणे कितीतरी अवघड गेले असते.

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व बोली लपविण्यासाठी किंवा कौतुकासाठी निर्माण झाल्या आणि त्या सर्वांचे व्याकरण बोलणाऱ्याच्या मातृभाषेचेच राहिले. याच्या नेमकी उलट खटपट एका गृहस्थाने केली. लुडविक झामेनहॉफ याचा जन्म १८५९ साली बिआलिस्टोक या गावी झाला. त्या गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश अशा चार भाषा बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांचा संशय धरीत. बाजारात शब्द न कळल्याने होणारी भांडणे पाहतच तो वाढला. सर्वांना सारखीच परकी व सारखीच सोपी अशी एखादी भाषा असावी, या ध्यासाने त्याने एक नवीन भाषा रचली आणि १८८७ साली वॉर्सा येथे तिचे पहिले पुस्तक काढले. ग्रंथकार म्हणून त्याने ‘डॉक्टर एस्परांतो’, म्हणजे आशा बाळगणारा, असे नाव घेतले. पुढे तेच नाव भाषेला पडले.

एस्परांतोला स्वतःचे व्याकरण आहे, ही मोठी गोष्ट. नाम नेहमी ओकारान्त, विशेषण आकारान्त. बैलाला ‘बोवो’ म्हणतात. सुंदर बैल म्हणजे ‘बेला बोवो’. अनेकवचन करावयाचे तर दोन्ही शब्दांना ‘य’ जोडावा, ‘बेलाय बोवोय’. बैल हे कर्म असेल तर ‘न’ जोडावा, ‘बोवोन’. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. याला अपवाद नाहीत. १९०५ साली फ्रान्समध्ये बूलोन येथे या भाषेची पहिली जागतिक परिषद भरली व भाषेचा पाया कायम ठरविण्यात आला. तरीही १९०७ साली काही सुधारकांनी तिच्यात फेरफार करून ‘इदो’ नावाची निराळी भाषा काढलीच. काही घरांत आईबाप मुलांशी एस्परांतोतच बोलतात आणि ती मुले ही भाषा मातृभाषेसारखी शिकतात. एखाद्याने मेजावर बसून रचलेल्या भाषेला एवढे भाग्य क्वचितच लाभले आहे.

तथापि झामेनहॉफलाही आपल्या जन्मगावाचे ध्वनी सर्वस्वी टाकता आले नाहीत. एस्परांतोची अठ्ठावीस अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराला एकच ध्वनी. त्यांतील उच्चार पोलिश व त्या प्रदेशातील इतर स्लाव्ह भाषांशी पुष्कळच जुळतात. विशेषतः त्याने ‘च’ आणि ‘त्स’ या दोन ध्वनींना दोन स्वतंत्र अक्षरे दिली, कारण पोलिशमध्ये हे ध्वनी वेगळे आहेत. ज्यांच्या भाषेत ‘त्स’ शब्दाच्या आरंभी येत नाही, अशा पुष्कळ युरोपीय लोकांना तो घोकावा लागतो. मराठी माणसाला ती अडचण येणार नाही. ‘चार’ या शब्दातील ‘च’ आणि ‘चारा’ या शब्दातील ‘च’ लिहिताना एकच असले, तरी उच्चारताना पहिल्यात जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्यात ती दातांच्या मुळाशी येते. बैलापुढे चार पेंढ्या चारा टाकण्यास सांगणारे लोणीतले मूल हा भेद व्याकरणाचे पुस्तक उघडण्यापूर्वीच अचूक पाळीत असते.